अलॉयच्या आऱ्यांतून दिसणारी डिस्क

पहिला पावसाळा सरला की एखाद्या रविवारी गाडी धुताना नजर अलॉयच्या आऱ्यांतून आत जाते. बाहेरचा पत्रा आरशासारखा लखलखत असतो आणि चाकाच्या आत मात्र परसातल्या जुन्या कढईसारखा तांबूस, पापुद्रे सुटलेला गंज. एकदा तो दिसला की दर वेळी गाडीत बसण्याआधी दिसत राहतो. ब्रेकच्या डिस्क बदलायची वेळ आलीच आहे, तर या वेळी जरा देखण्या बसवाव्यात, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ही हौस मला अजिबात उथळ वाटत नाही. ज्याला चाकाच्या आतला गंज खुपतो, त्याला पॅड किती उरले आहेत हेही दिसतं आणि कॅलिपरचं रबर फाटलं असेल तर तेही दिसतं. हौसेपायी का होईना, माणूस वाकून आत बघतो, आणि ब्रेकच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे.

मात्र या हौसेपायी मी एकदा चूक केली आहे, ती आधी सांगतो. जुन्या हॅचबॅकला नवे अलॉय घातले, तेव्हा आतल्या डिस्कही त्यांना शोभतील अशा हव्या होत्या. सुट्या भागांच्या एका दुकानात भोकं पाडलेल्या, वर तिरक्या खाचा असलेल्या, चंदेरी मुलाम्याच्या डिस्क मिळाल्या. खोक्यावर कारखान्याचं नाव नव्हतं. भाव मात्र कंपनीच्या साध्या डिस्कपेक्षाही कमी होता. तिथेच मला शंका यायला हवी होती. बसवल्यावर पंधरा दिवस गाडी फार सुंदर दिसली. मग महाबळेश्वरला गेलो आणि येताना घरचे सगळे आणि सामान घेऊन पसरणी घाट उतरलो. वाईत पोहोचेपर्यंत ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात थरथरू लागलं होतं. घरी येऊन चाक काढलं तर एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसाएवढी बारीक चीर गेलेली. नखाला लागत होती. बॅटरी तिरकी धरून बघितलं तेव्हा अशा तीन चिरा सापडल्या. त्या डिस्क त्याच दिवशी उतरवल्या.

असं का झालं, ते समजून घेतलं की डिस्क निवडणं सोपं जातं. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली तर जवळपास ३ लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात लिटरभर साधं पाणी उकळीच्या उंबरठ्यावर येतं. आणि हे एकदा थांबण्याचं झालं. पाचगणीहून वाईला येताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरतो. इंजिनाच्या ब्रेकिंगचा आणि वाऱ्याचा वाटा सोडला, तर हा उतार म्हणजे ८०च्या वेगावरून वीसहून अधिक वेळा थांबण्याइतकी उष्णता. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो, कारण ब्रेक लावताच गाडीचं वजन पुढे झुकतं. ही उष्णता आधी डिस्कच्या लोखंडात साठते आणि मग हवेत जाते. भोकं पाडली म्हणजे उष्णता साठवणारं लोखंड कमी केलं, आणि प्रत्येक भोकाच्या काठावर चीर सुरू व्हायला जागा करून दिली.

मग शर्यतीच्या गाड्यांना भोकं का असत? पूर्वीच्या पॅडमधली राळ फार तापली की तिच्यातून वायू सुटे. तो पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकला की ब्रेक घसरे. भोकांतून त्याला वाट मिळे. आजच्या पॅडना ही अडचण जवळपास उरलेली नाही. पावसात भोकांमुळे पाणी लवकर निघून जातं हे खरं, पण साध्या डिस्कवरचं पाणीही पॅड एक-दोन फेऱ्यांत पुसून टाकतो. पोर्शासारख्या गाड्यांना आजही भोकांच्या डिस्क येतात, पण त्या मुळात आकाराने दांडग्या असतात, आणि त्यांच्या भोकांचा आकार, जागा, काठांची गोलाई यांचा हिशेब डिस्कच्या रचनेतच केलेला असतो. साध्या डिस्कला नंतर ड्रिल मारून केलेली भोकं ही निराळी गोष्ट. रोज ऑफिसला, शाळेला आणि महिन्यातून एकदा गावाकडे जाणाऱ्या गाडीला मी भोकांच्या डिस्क सुचवणार नाही, मग त्या कितीही नावाजलेल्या कंपनीच्या असोत.

नुसत्या खाचांच्या डिस्कविषयी माझं मत थोडं मऊ आहे. खाच आरपार नसते, त्यामुळे चिरेचा धोका फार कमी. पॅडचा पृष्ठभाग ती खरवडून ताजा ठेवते, चिखल आणि पाणी बाहेर काढते, आणि दिसतेही रुबाबदार. मोल म्हणजे पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक लावला की हलकी घुर्रर्र ऐकू येते. ज्याला ही घुरघुर चालेल त्याने चांगल्या कंपनीच्या खाचांच्या डिस्क खुशाल घ्याव्यात. मी स्वतः घेत नाही, कारण देखणेपणा त्याहून सोप्या मार्गाने मिळतो.

तो मार्ग कळण्यासाठी एकदा डिस्ककडे नीट बघा. पॅड जिथे घासतो तो गोल पट्टा गाडी रोज चालत असेल तर कायम चकचकीत असतो. तो चकाकवायला आपल्याला काही करावं लागत नाही. कुरूप दिसतो तो उरलेला भाग: मधली वाटी, जिच्यावर चाक बसतं, बाहेरची कड, आणि व्हेंटिलेटेड डिस्क असेल तर दोन पाळ्यांमधल्या हवेच्या फटी. डिस्क ओतीव बिडाची असते. बीड उष्णता छान पेलतं, कंप गिळतं, स्वस्तात ओतता येतं. पण उघडं ठेवलं तर एका रात्रीत गंजतं. पावसाळ्यात सकाळी गाडी काढताना पहिल्या दोन-तीन ब्रेकना जो खरखर आवाज येतो, तो पट्ट्यावरचा हा रात्रीचा गंज पुसला जाण्याचा. त्याची काळजी नको. वाटीवरचा आणि कडेचा गंज मात्र पुसायला कोणी नसतं, तो साचत जातो. म्हणून पैसे खर्च करायचे ते या न घासल्या जाणाऱ्या भागावरच्या लेपासाठी. डिस्क साधीच घ्या, पण लेपाची घ्या.

बाजारात लेपाचे तीन-चार प्रकार दिसतात. माझ्या मते सगळ्यांत चांगला म्हणजे जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा, भट्टीत भाजून पक्का केलेला राखाडी लेप. जिओमेट हे त्यातलं गाजलेलं नाव. दिसायला तो झगमगत नाही. पावसाळी ढगासारखा, थोडा मंद असतो. पण तीन-चार वर्षं कोकणात नाही तरी देशावर तो वाटीवर टिकून राहिलेला मी बघितला आहे. हवेच्या फटींच्या आतही तो पोचलेला असतो, आणि हे फार महत्त्वाचं, कारण फटींतला गंज फुगला की हवेचा रस्ताच अरुंद होतो.

दुसरा काळा लेप. अलॉय चंदेरी असतील तर त्यांच्या आत काळी वाटी आणि तिच्याभोवती पोलादी चमकेचा पट्टा हा फारच सुरेख मेळ दिसतो. या लेपात दर्जाचा फरक मोठा. विजेचा भार देऊन रंगाच्या हौदात बुडवलेली डिस्क एकसारखी रंगते, कोपरे सुटत नाहीत. नुसता फवारा मारलेला काळा रंग मात्र पहिल्याच घाटात पट्ट्यालगत करपून तपकिरी होतो. दुकानात असताना फटींच्या आत बोट घालून बघा. बोटाला उघडं बीड लागलं तर रंग फक्त दाखवण्यापुरता आहे.

तिसरा चमकदार जस्ताचा मुलामा, चंदेरी किंवा सोनेरी. खोक्यातून काढताना याच्याइतकं देखणं काही नसतं आणि मी भुललो तो यालाच. पॅडच्या पट्ट्यावरून तो पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो, ते ठीक आहे. पण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी त्याची चमक जाते. सपाट शहरातल्या गाडीवर तो बरा टिकतो, घाटातल्या गाडीवर नाही.

पोर्शाने २०१७ साली कायेन गाडीसोबत टंगस्टन कार्बाइडचा थर असलेल्या डिस्क आणल्या. त्यांचा पट्टा खरोखर आरशासारखा होतो आणि धूळ इतकी कमी उडते की कॅलिपर चक्क पांढरे ठेवले. आपल्या रोजच्या गाड्यांसाठी ते सध्या नाही, पण लेपाचा विचार मोठे कारखाने किती गांभीर्याने करतात हे त्यावरून कळावं.

आता खोकं हातात घेतल्यावर काय बघायचं. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन जुळतं का हे तर बघायचंच. एकाच नावाच्या गाडीच्या दोन इंजिनांना वेगळ्या व्यासाच्या डिस्क असू शकतात. व्यास, जाडी, उंची, मधल्या भोकाचं माप आणि नटांच्या भोकांची संख्या ही जुन्या डिस्कशी ताडून बघा. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो, मिलिमीटरमध्ये. तो नसेल तर ती डिस्क घेऊ नका, मग लेप कितीही छान असो. कारखान्याचं नाव आणि बॅचचा क्रमांक खोक्यावर आणि डिस्कवर दोन्हीकडे सापडला पाहिजे. युरोपात विकल्या जाणाऱ्या मालावर आर-९० मान्यतेचा शिक्का असतो. तो दिसला तर डिस्क मूळ भागाशी तुलना करून तपासलेली आहे असं समजा. काही डिस्कच्या फटींतल्या भिंती वक्र असतात आणि त्या डावी-उजवी वेगळ्या येतात; मिस्त्रींना घाई असली की त्या उलटसुलट बसतात आणि बाहेरून कळतही नाही. बसवण्याआधी खोक्यावरची खूण आपण स्वतः वाचून सांगावी.

मोठ्या व्यासाच्या डिस्क बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर थांबा. त्यासाठी कॅलिपरची जागा बदलावी लागते, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल ढळतो, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात प्रश्न उभे राहतात. रोजच्या गाडीला तिच्या मापाचीच डिस्क.

मुळात डिस्क बदलायची गरज आहे का, हेही बघून घ्यावं. वापरलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला झिजेमुळे एक ओठ तयार होतो. व्हर्नियरचे साधे जबडे त्या ओठावर बसले तर माप जास्त दाखवतं, म्हणून ओठाच्या आत, झिजलेल्या पट्ट्यावर चार-पाच ठिकाणी मोजायचं. सगळ्यांत कमी आलेला आकडा खरा मानायचा. तो कोरलेल्या आकड्याच्या जवळ असेल तर डिस्क गेली. लेथवर फेस मारून घेऊ, असं गॅरेजवाले सुचवतात. जाडी भरपूर उरली असेल तर त्यात गैर काही नाही, पण काठावरची डिस्क लेथवर लावणं म्हणजे तिचं उरलंसुरलं लोखंडही काढून टाकणं. आणि डिस्क जोडीनेच बदलायच्या, सोबत नवे पॅड घालायचे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या खुणा उमटलेल्या असतात, त्या नव्या डिस्कवर उतरतात.

पॅडचाही दिसण्याशी थेट संबंध आहे. अलॉयवर बसणारी काळी-तपकिरी भुकटी पॅड आणि डिस्क यांच्या झिजेची असते. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड जास्त भुकटी सोडतात. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे कमी. ज्याला चाकं स्वच्छ दिसायला हवीत त्याने पॅडसाठी चार पैसे जास्त मोजावेत. डिस्कच्या लेपापेक्षाही याचा फरक आधी जाणवतो.

बसवणं हे मिस्त्रींचं काम, पण त्या वेळी समोर उभं राहावं, असा माझा आग्रह आहे. माझ्या पुढच्या डिस्क बसवल्या त्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी. जुनी डिस्क काढल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हबच्या तोंडावर अंगठा फिरवून दाखवला. तिथे गंजाचे बारीक फोड होते. “साहेब, हा एवढासा दाणा आत राहिला ना, की डिस्क तिरकी बसते. मग लोक म्हणतात, डिस्क वाकडी निघाली.” मग त्यांनी वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचं तोंड उजळेपर्यंत घासलं, फडक्याने पुसलं, डिस्क बसवली, दोन नट उलटे लावून ती आवळली आणि डायल गेज लावून हाताने फिरवली. काटा फक्त तीन रेघा हलला, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. बऱ्याच गाड्यांना ०.०५ पर्यंत चालतं. त्याहून डगमग जास्त असेल तर डिस्क प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी पुसट घासत राहते, तिथली जाडी हळूहळू बदलते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना थरथर सुरू होते. ज्याला आपण डिस्क वाकडी झाली म्हणतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा बसवताना न घासलेल्या हबमध्ये असतं.

नव्या डिस्कला गंजरोधक तेल लावलेलं असेल तर ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून काढायला सांगा. पेट्रोल किंवा डिझेलच्या फडक्याने नको. चाकाचे नट फुलीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळून घ्या. हवेच्या बंदुकीने एक नट करकचून आणि दुसरा सैल राहिला तरी डिस्क ताणली जाते.

आणि घरी रंग द्यायचा असेल तर? लेप नसलेली डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून अनेक जण हा उद्योग करतात, आणि नीट केला तर तो चांगला होतो. पॅडचा पट्टा कागद आणि टेपने झाकायचा. वाटीचं तोंड आणि आतली बाजू, म्हणजे जिथे डिस्क हबला आणि चाक डिस्कला टेकतं, तिथे रंगाचा थेंबही लागू द्यायचा नाही. तिथला रंगाचा थर हबवरच्या गंजासारखाच डिस्क तिरकी करतो, शिवाय तापून दबला की नट सैल पडतात. रंग निदान ५०० अंश सोसणारा घ्या, दोन पातळ हात द्या, डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळू द्या.

हीच पद्धत मागच्या ड्रमना फार उपयोगाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे डिस्क नसून ड्रम असतात, आणि पुढे सुंदर डिस्क बसवल्यावर मागचा गंजलेला ड्रम दुप्पट डोळ्यांत भरतो. वायर ब्रशने घासून, ड्रमच्या बाहेरच्या बाजूला काळा किंवा गडद राखाडी उष्णतारोधक रंग द्या. एका दुपारचं काम आहे आणि गाडी मागून चारचौघींत उठून दिसते.

नव्या डिस्कवर पहिल्या दिवशी पॅड बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १५ पर्यंत, मध्यम जोराने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वेग कमी करा. दर वेळी मध्ये थोडं अंतर चालवा. शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा ठसा तिथे उमटतो आणि तो पुढे कायम जाणवतो. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

पुढची निगा फार नाही. घाट उतरून आल्या आल्या धुलाई केंद्रात शिरून तापल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारू नका. आम्लयुक्त व्हील क्लीनर अलॉयवरचा डाग काढतो, पण आतला लेपही खातो. साधा कार शाम्पू पुरतो. गाडी धुतली की कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून हलके ब्रेक लावा, डिस्क कोरड्या होतात. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला ओंडका लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, म्हणजे पॅड आणि ड्रमचे शू चिकटणार नाहीत. रत्नागिरी, मालवण, पणजी या बाजूला राहणाऱ्यांनी चाकांवर गोड्या पाण्याचा फवारा आठवड्यातून एकदा तरी मारावा. खारी हवा लेपाच्या ओरखड्यातून आत शिरते.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे सगळं जास्त लागू आहे. मोटरच वेग कमी करत असल्यामुळे त्यांचे पॅड डिस्कला क्वचित लागतात आणि चकचकीत राहणारा पट्टाही गंजू लागतो. म्हणूनच फोक्सवॅगनने आयडी-३ आणि आयडी-४ यांना मागे ड्रम दिले. अशी गाडी असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, मागे कोणी नाही हे बघून, जरा जोराने ब्रेक लावत जा. आणि डिस्क घेताना लेपाचीच घ्या, यात तडजोड नको.

जुन्या डिस्क भंगारात देण्याआधी त्यांची जाडी मोजा आणि गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत किलोमीटरच्या आकड्यासकट लिहून ठेवा. नव्या डिस्कची जाडीही शेजारी लिहा. दहा हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजलीत की आपली गाडी वर्षाला किती लोखंड खाते हे कळेल, आणि पुढच्या वेळी डिस्क कधी लागणार हे गॅरेजमध्ये विचारावं लागणार नाही.